नैवेद्याची भाजी

७ ऑक्टोबर, पाचवी माळ

आज देवीला कौल लावला. येसाजी गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवली आणि माझ्या वतीनं विचारलं, याची आई आवडाबाई पुन्हा पायावर उभी राहील का. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच हललं नाही. बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता. मग उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या हातावरून घसरत खाली आली.

त्या क्षणी मी बोलून गेलो. ठरवून गेलो नव्हतो. म्हटलं, आई स्वतःच्या पायानं या पायऱ्या चढेल त्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी तुला भाजीचा नैवेद्य दाखवीन. ती भाजी माझ्या परसातली, माझ्या घरच्या हातांनी पिकवलेली असेल. विकतची भाजी तोवर माझ्या घरात शिजणार नाही.

घरी आलो तेव्हा पूनम आईला कुशीवर वळवून तिची पाठ पुसत होती. जूनमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची उजवी बाजू लाकडासारखी पडून आहे. मी पूनमला वचन सांगितलं.

"रोज?" ती म्हणाली.

"रोज."

"आणि पाणी? तुम्ही सातला घर सोडता."

"सकाळचं मी घालीन."

तिनं पंचा पिळला. "देवीपुढं बोलायच्या आधी एकदा घरी विचारलं असतंत."

"देवीला विचारल्यावर आणखी कुणाला विचारायचं?"

पलीकडून क्रांती म्हणाली, "बाबा, परसात सध्या अळू आहे आणि एक मिरची. मी बारावी अळूच्या फदफद्यावर काढू का?" पोरीच्या जिभेला हाड नाही. पण आई हसली असावी. तोंड वाकडं झाल्यापासून तिचं हसणं नीट ओळखता येत नाही.

१४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरची सुट्टी घेऊन वाफे केले. परस आईचंच होतं. ती पडल्यापासून तिथं गवत माजलं होतं. माठ, मुळा, वाल यांचं बी टाकलं, जांभळ्या वांग्याची रोपं आणून लावली, दुधी आणि शिराळ्याच्या वेलांना मांडव घातला. मांडवाची बांधणी मला येते, वडिलांनी शिकवली होती.

आमच्या परसाला लागूनच महेरुन्निसाभाभींची वाडी आहे, मध्ये फक्त काठ्यांचं कुंपण. त्यांचे यजमान मोहम्मदभाई कुवेतला असतात, त्यामुळे वाडी भाभीच बघतात. वर नारळ-सुपारी, खाली हरतऱ्हेची भाजी. कुंपणावरून म्हणाल्या, "हरेश्वरभाई, आमच्याकडं भेंडी उतू चाललीय, घेऊन जा." मी वचनाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नको. शब्द दिला म्हणजे दिला." बाई समजूतदार आहेत.

२७ ऑक्टोबर

पाण्याची घडी बसली. पहाटे आंघोळ झाली की ओल्या पंचानं मी एक कळशी काढतो आणि नाम घेत प्रत्येक वाफ्याला थोडं थोडं देतो. मग फेरीबोटीच्या जेट्टीवर कामाला जातो. दिवसभर तिकीट खिडकीत बसून गाड्या मोजताना तेच वाफे डोळ्यांपुढं असतात. उरलेलं पाणी पूनम बघते. रहाट मोडल्यापासून हातानंच ओढावं लागतं, पण विहीर काही फार खोल नाही.

झाडाला पाणी घालण्यात किती शांतता आहे, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. पूनमला म्हटलं, तूही नाम घेत घाल. म्हणाली, "मी श्वास घेत घालते, तेवढं पुरे."

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पहिला माठ निघाला. लाल, कोवळा. आतापर्यंत अळू आणि गवत काढताना सापडलेल्या वेलांची भोपळ्याची फुलं, मायाळू यांवर भागवलं होतं. आज देवीपुढं वाटी ठेवताना डोळ्यांत पाणी आलं. येसाजीकाकांनी सगळ्यांना दाखवलं, बघा, हरेश्वरच्या परसातला. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं. ते लिहायला हरकत नाही.

८ डिसेंबर

वानरं आली. दुपारी कळप उतरला, मांडव मोडला, वेल ओरबाडले, वांग्याची झाडं मुळासकट उपटून फेकली. पूनम आईला संडासाला घेऊन बसली होती. आईला सोडून धावता येईना. क्रांती क्लासला. मी आलो तेव्हा पूनम अंगणात उभी होती, हातात झाडू, पायाशी तुटलेल्या वेलांचा ढीग.

मी म्हणालो, "ताट वाजवायचं होतं."

तिनं झाडू खाली टाकला. "ताट वाजवायला गेले असते तर आई पडल्या असत्या."

खरं आहे. पण दोन महिन्यांचं काम होतं ते. आज अळू दाखवलं. उद्या काय, हा विचार करत बसलोय.

९ डिसेंबर

उद्याची काळजी देवीवर सोडावी हेच खरं. आज घरी आलो तर वांग्याची भाजी तयार. वानरांनी कोपऱ्यातली दोन झाडं सोडली होती म्हणे, पूनमनं सांगितलं. मी जांभळ्या वांग्यांची रोपं लावली होती, ही हिरवी आणि काटेरी निघाली. रोपवाटिकावाले हल्ली काहीही देतात. पण चव उत्तम.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं. सकाळी मी स्वतः पाहिलं होतं, उरलेल्या वेलावर एकच दुधी धरला होता, अंगठ्याएवढा. संध्याकाळी आलो तर हातभर दुधी चिरून शिजवलेला. मी विचारलं, कुठून? पूनम म्हणाली, "पानाआड होता. तुम्हाला दिसला नसेल."

मी पानन्पान हलवून पाहतो रोज. मला दिसला नाही असं कसं होईल? देवळात येसाजीकाकांना सांगितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपण काय बोलणार. तिची लीला." गावात दोन दिवसांत पसरेल. जेट्टीवरच्या पोरांनी आजच विचारलं, "काका, दुधीनं रातोरात उंची घेतली म्हणे?" चेष्टा करतात, करोत.

घरी सांगितल्यावर आई तोंडावर पदर घेऊन हलत होती. रडत असावी. पूनम तिला घेऊन आत गेली.

२ जानेवारी

आईच्या उजव्या हाताची बोटं हलली. वालाच्या शेंगा तिच्या मांडीवर टाकलेल्या, आणि ती एकेक शेंग दाबून दाणा काढत होती. मी तिच्यापुढं बसून ढसढसा रडलो. कौल खोटा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामही पूनम सकाळ-दुपार करून घेते, ते आहेच. पण जून ते ऑक्टोबर व्यायाम चालू होते आणि काडीचा फरक नव्हता. नैवेद्य सुरू झाला आणि बोटं हलली. दुसरा अर्थ कसा लावायचा?

पूनम मात्र हल्ली तुळशीपुढं बसल्या बसल्या पेंगते, उठताना गुडघे धरून उठते. शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी मोदकांच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे असेल. तिची बोटंही काळीतांबूस झालीत, नखं फाटलीत. कोकमाचे डाग असतील. मी म्हटलं, दिवेलागणीला झोपू नये, नाम घेतलं की झोप जाते.

क्रांती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, वचन तुमचं, गुडघे आईचे."

मी तिला रागावलो. देवाच्या कामात असा हिशेब करायचा नसतो. रागावल्यावर मात्र मलाच चैन पडेना. पोर बारावीला आहे, आजीचं आजारपण, घरात सतत कुणीतरी कुणाला हाक मारतंय. माझ्यासारखं मन एका जागी ठेवायला तिला जागा कुठाय?

२६ जानेवारी

सुट्टी जोडून आली. जेट्टीपासून मुख्य रस्त्यापर्यंत गाड्या. पाणी प्यायला फुरसत नाही. घरी आलो तर भेंडी. मी भेंडी लावल्याचं आठवत नाही. पूनम म्हणते तिनंच कडेला टोचली होती. चांगलं केलंन.

१८ फेब्रुवारी

विहिरीचं पाणी मचूळ झालं. दर वर्षी होतं, यंदा लवकर. पानांच्या कडा करपल्या. आमच्या बाजूला खाऱ्या हवेनं आणि खाऱ्या पाण्यानं वाफे निपचित पडलेत, आणि कुंपणापलीकडं भाभींची वाडी हिरवीगार, त्यांच्या विहिरीला गोडं पाणी. देव कुणाच्या विहिरीत काय भरतो, त्याला कारण विचारू नये.

तरीही आजवर नैवेद्य चुकलेला नाही.

क्रांतीचे पेपर चालू आहेत. आई काठीला धरून चार पावलं टाकते. संध्याकाळी मी वाटी झाकून निघालो, तेव्हा पूनम दारात आली.

"अहो, आता पुरे करू या का? आई चालतात आता. देवीला सांगू, एवढ्यावर मानून घे."

"पायऱ्या म्हटलंय. पावलं नाही."

"बरं. मग मला एक सांगायचंय तुम्हाला."

"आरतीला उशीर होतोय, पूनम. आल्यावर सांग."

आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या. काही नव्हतं."

१४ मार्च

आई तुळशीपर्यंत गेली. एकटी. काठी होती, पण हात कुणाचा नव्हता. पूनम एक पाऊल मागून चालत होती, नुसती.

चैत्र पौर्णिमेला देवीची पालखी असते. त्या दिवशी आईनं पायऱ्या चढायच्या, असं ठरवलं. येसाजीकाकांनाही सांगितलं. गाव जमलेलंच असेल. मी सकाळी त्या वाळलेल्या वाफ्यांपुढं उभा राहिलो आणि मनात आलं, या एवढ्याशा जागेनं माझ्या आईला उभं केलं.

२७ मार्च

आजचं आजच लिहितो.

वाऱ्यामुळे फेरी दुपारीच बंद केली. मी घरी आलो. घरात कुणी नाही. मागच्या दारानं परसात गेलो. कुंपणाच्या दोन काठ्या काढून ठेवलेल्या, माणूस सरळ जाईल एवढी वाट. आणि त्या वाटेवरची माती तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. एका दिवसाची वाट नव्हती ती.

पलीकडं सुपारीच्या सावलीत आई खुर्चीवर बसली होती. पूनम खाली, पुढ्यात वाळलेल्या सुपाऱ्यांचा ढीग, सोलत होती. महेरुन्निसाभाभींच्या हातात विळा आणि ओच्यात दुधी.

आई म्हणत होती, शब्द अजून जड येतात तिचे, "दुधी न्हाय आज. पडवळ दे. दुधीचा चमत्कार झाला येकदा, परत नको. त्यो देवळात भाषन करंल."

तिघी हसल्या. आजारपणानंतर आईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तोंड वाकडं असूनही कळलं की हसतेय.

भाभींनी मला आधी पाहिलं. "या, हरेश्वरभाई," म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. पूनम उठली नाही. हातातली सुपारी सोलून तिनं ढिगात टाकली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वानरं आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. परसात निघेल तेव्हा परसातली. नाहीतर इथली."

"विकतची."

"विकत नाही घेतली." तिनं बोटं पुढं केली. "सुपाऱ्या सोलून घेतली."

भाभी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, शेजारधर्म आहे, तशीच ने. ऐकेल तर ना ती. म्हणाली, घरच्या हातांची कमाई असली पाहिजे, असं त्यांनी देवीला सांगितलंय."

"तिला बोलू नगस," आई म्हणाली. "मीच सांगितलं तिला."

मी म्हणालो, "आई, तुझ्यासाठी बोललो होतो मी देवीपुढं."

"व्हय," आई म्हणाली. "बोललास तू."

मला तिथं उभं राहवेना. आज अळूची दोन पानं घेऊन देवळात गेलो आणि देवीकडं वर पाहिलं नाही.

२९ मार्च

दोन दिवस पूनमशी बोललो नाही. तिच्याकडूनही आवाज नाही. आई माझ्याकडं पाठ करून जेवते.

ती भाजी मुसलमानाच्या वाडीतली म्हणून माझा राग नाही, हे मी स्वतःपुरतं तपासून पाहिलंय. भाजी मातीची असते. माझं म्हणणं वेगळं आहे. मी रोज देवीसमोर हात जोडून म्हणत होतो, माझ्या परसातली आहे, गोड करून घे. महिनोन्महिने मी तिच्याशी खोटं बोललो आणि मला ठाऊकही नव्हतं. माझ्या तोंडून खोटं वदवलं ते माझ्याच माणसांनी.

आणि दुसरा विचार त्याहून वाईट. देवीनं खोटा नैवेद्य खरा मानून आईला बरं केलं, तर तिला कळतच नाही असं होतं. नैवेद्य खोटा हे ओळखून तिनं तो घेतलाच नसेल, तर मग आईला बरं केलं कुणी? दोन्हीकडून माझ्या पायाखालची फळी सरकते. तिसरं काही मला सुचत नाही.

५ एप्रिल

येसाजीकाकांकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हणालो, पालखीच्या दिवशी आई चढण्याआधी देवीपुढं गाऱ्हाणं घाला. झालेली चूक मोठ्यानं सांगा, वचन नव्यानं सुरू करू.

काका सुपारी कातरत होते, थांबले. "हरेश्वर, घरातलं घरात मिटव. कुणी नसताना ये, नारळ ठेव, माफी माग. देवी काय बहिरी आहे?"

"दुधीचं सगळ्या गावाला सांगितलं तेव्हा तुम्ही थांबवलं नाहीत."

"तेव्हा थांबवायला हवं होतं," काका म्हणाले. "तुझा चेहरा बघून गप्प बसलो."

म्हणजे त्यांनाही संशय होता. मीच एकटा खरं मानत होतो. मी म्हटलं, ज्यांनी माझं कौतुक ऐकलं त्यांनी चूकही ऐकावी. नाहीतर ते कौतुकही चोरीचं. काका म्हणाले, "तुझी चूक सांगणार आहेस की तिची?" मी म्हटलं, जे घडलं ते. ते बराच वेळ कातरत राहिले आणि मग हो म्हणाले.

पूनमला सांगितलं नाही. देवीपुढंच ऐकेल.

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

सकाळी घरात खूप दिवसांनी बोलणं चालू होतं. पूनमनं आईला न्हाऊमाखू घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. स्वतःही दिवाळीची साडी नेसली. मला म्हणाली, "तुमचा सदरा इस्त्री केलाय. आज तोंड जरा बरं ठेवा." तिला वाटलं, मिटलं. मलाही क्षणभर वाटलं, काकांना नको सांगावं. पण सत्यापुढं आपला जीव हळवा करून चालत नाही.

रिक्षा पायऱ्यांशी थांबली. पालखी बाहेर काढून ठेवलेली, माणसं दोन्ही बाजूंना. कुणीतरी म्हणालं, "आवडाकाकू आली बघा." बायकांनी वाट करून दिली. आईच्या डाव्या हातात काठी, उजवा हात पूनमच्या हातात. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मी आधीच वर जाऊन काकांशेजारी उभा होतो, तिथून म्हटलं, "थांब आई. आधी गाऱ्हाणं."

येसाजीकाकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "आई, तुझं लेकरू हरेश्वर तुझ्या दारात उभं आहे. त्यानं तुला शब्द दिला होता. त्याच्या घरातल्या बाईमाणसाकडून त्यात खोट झाली. दुसऱ्याच्या वाडीतली भाजी घरची म्हणून तुला दाखवली गेली. ती चूक पोटात घाल, त्याचा शब्द नव्यानं मान्य कर."

जमलेले लोक "होय आई" म्हणाले. मग गलका थांबला आणि सगळ्यांच्या माना खाली वळल्या, पूनमकडं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी अपेक्षा केली होती की ती हात जोडेल. तिचा एक हात आईच्या हातात होता, तो तिनं सोडवला नाही.

आईनं पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"चल पूनम," ती म्हणाली. इतकं स्पष्ट ती आजारपणानंतर कधी बोलली नव्हती.

मी खाली धावलो. "आई, एवढं झालं की चढायचंच आहे."

ती रिक्षावाल्याला म्हणाली, "फिरव."

पालखी उठली. मला खांदा द्यायला लावला. मी दिला.

१३ एप्रिल

सकाळच्या एसटीनं पूनम आणि आई तळा गावाला गेल्या, पूनमच्या माहेरी, तिच्या भावाकडं. क्रांतीही गेली. परीक्षा झालीच आहे तिची.

सासू सुनेच्या माहेरी राहायला जाते, असं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. मी आईला तेच म्हणालो. ती म्हणाली, "मग आईकून घे आता."

पूनमला विचारलं, किती दिवस? ती पिशवीत आईची औषधं भरत होती. "आईंना विचारा."

आईला विचारलं. म्हणाली, "गुडघं बरं व्हईपातूर."

"कुणाचे?"

निघताना पूनमनं देवापुढं हळदकुंकू वाहिलं, मागचं दार लावलं, चावी माझ्या हातात दिली. "वचन तुमचं आहे, तुम्ही पाळा. आता त्यात खोट राहणार नाही."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

२६ एप्रिल

पाणी आता सगळं मीच काढतो. पहाटे उठतो तरी जेट्टीवर उशीर होतो, मग संध्याकाळी आरतीच्या आधी पुन्हा. खांदा धरलाय. तळहाताची कातडी गेली. विहीर खोल नाही असं मी कुठंतरी लिहिलं आहे. तेव्हा पाणी वर होतं, किंवा मी पाहिलं नव्हतं. पूनम ओढायची कशी, हे विचारायला हवं होतं. ओढायची काहीतरी युक्ती असणार तिच्याकडं.

नाम घ्यायला दम उरत नाही.

महेरुन्निसाभाभी कुंपणाशी आल्या. त्या दोन काठ्या मी परत रोवल्यात. म्हणाल्या, "हरेश्वरभाई, आमच्या विहिरीवरून नळी टाकते. गोडं पाणी आहे, तुमची शिराळी जगतील."

मी म्हटलं, नको, पाणीही आपलंच पाहिजे.

"घरात माणूस नाही तुमच्या. कुणासाठी जगवताय?"

"देवीसाठी."

"मोहम्मद अठरा वर्षं कुवेतला आहे," म्हणाल्या. "मला माणूस नसलेलं घर कळतं. पण तुमचं माणूस तळ्याला आहे. एसटी जाते तिथं." आणि सुपाऱ्या गोळा करायला गेल्या.

सल्ला देणं सोपं असतं. मी जाऊन काय म्हणायचं? खोटं चालेल म्हणायचं?

६ मे

क्रांती चांगल्या मार्कांनी पास झाली. काल निकाल लागला, मला आज जेट्टीवर एकानं सांगितलं. त्याच्या मुलाला तिनं फोन केला होता. मी केला तर म्हणाली, "सांगणारच होते बाबा. आजीला व्यायाम करवत होते."

पेढे आणले. देवीपुढं ठेवले. घरी खायला कुणी नाही, म्हणून उरलेले जेट्टीवर वाटले.

भाजी मीच शिजवतो. नैवेद्य असल्यामुळे मीठ चाखून पाहता येत नाही. परवा काकांनी प्रसाद तोंडात घातला आणि पाणी प्यायले.

११ मे

दुपारी क्रांतीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. तळ्यातलं कुठलंसं देऊळ, ओळखीचं नाही मला. दगडी पायऱ्या. आई चढतेय. काठीसुद्धा नाही. मागं पूनम, तिचा हात आईच्या पाठीशी आहे, पण टेकवलेला नाही. बोटांवरचे डाग गेलेत. आई वर पोचते, कठड्याला धरते, मागं वळते, आणि फोन धरणाऱ्या क्रांतीकडं बघून हसते. पूनमही हसते. मग व्हिडिओ संपतो.

मी खिडकी बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला. बाहेर तिकिटाला रांग लागली होती.

घरी आल्यावर फोन केला. क्रांतीनं घेतला. म्हणाली, "पाहिलंत ना बाबा? झालं तुमचं वचन. आई म्हणतेय, शनिवारी येऊ का आम्ही सगळ्या? स्पीकरवर आहे, बोला."

सगळ्या येऊ का. मी ते शब्द ऐकले, बरोबर ऐकले. पण माणसानं जे खरं ते आधी सांगावं, म्हणून म्हणालो, "आई, मला खूप आनंद झाला. देवीची कृपा. पण त्या पायऱ्या धरता येणार नाहीत. मी आपल्या देवीच्या पायऱ्या म्हटलं होतं. इथं येऊन एकदा चढलीस की वचन पुरं होईल. तोवर घरी भाजी परसातलीच शिजेल, एवढं सगळ्यांनी सांभाळायचं."

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आईचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द.

"मग मी न्हाय चढत, हरी. तू चढ."

फोन कुणी ठेवला ते कळलं नाही. परत लावला, लागला नाही.

मी चुकीचं काय बोललो, हे शोधतोय. दिलेला शब्द जसाच्या तसा सांगितला. देवीला मी जे म्हटलं ते येसाजीकाकांनीही ऐकलंय.

परसात दोन शिराळी निघाली, दोन्ही वाकडी. एक आज नैवेद्याला घेतली, एक उद्यासाठी ठेवली. शनिवारच्या बसेसची वेळ एकदा डेपोत विचारून ठेवीन. विहिरीचा दोर विरत आलाय, तो बदलायला हवा. पहाटे लवकर उठायचं आहे, पाणी घालायचं आहे.